फ्रेंच राज्यक्रांती : पावाचा भाव, थकलेलं कर्ज आणि कागदी नोटा

लष्करवासी (धागाकर्ता)

मंडळी, ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आपल्या अभ्यासवर्गाचा पुढचा विषय फ्रेंच राज्यक्रांतीची कारणं आणि परिणाम हा आहे. राजकीय, सामाजिक, आर्थिक, बौद्धिक, तात्कालिक ही गाइडमधली कारणं सगळ्यांना पाठ आहेत. पण ती एकाखाली एक लिहिली की कोणत्या कारणामुळे नेमकं काय घडलं ते कळत नाही. इथे आकडे आणि तारखा धरून तो क्रम लावूया.

माझं म्हणणं आधीच मांडतो, म्हणजे खोडायला सोपं जाईल. राजाचं राज्य कर्जाने मोडलं. त्याच्या जागी आलेल्या लोकप्रतिनिधींच्या सभेने ते कर्ज बुडवायचं नाही असं ठरवलं. चर्चच्या जमिनी, कागदी नोटा, महागाई, भावबंदी आणि दहशतीच्या काळाचा मोठा भाग त्या एका निर्णयातून निघाला.

१७८८चा सरकारी हिशेब बघा. जमा सुमारे ५० कोटी ३० लाख लिव्र (फ्रान्सचं तेव्हाचं चलन), खर्च ६२ कोटी ९० लाख. तूट साडेबारा कोटींच्या वर. खर्चातले ३१ कोटी ८० लाख, म्हणजे निम्मे, फक्त कर्जाचे हप्ते आणि व्याज. सैन्य आणि परराष्ट्र खातं मिळून चौथाईच्या आसपास. आणि ज्या राजदरबाराच्या उधळपट्टीवर आपण निबंध लिहितो त्याचा वाटा सुमारे सहा टक्के. राणीचे सगळे दागिने विकले असते तरी तूट भरली नसती.

कर्ज वाढलं ते मुख्यतः अमेरिकेच्या युद्धामुळे. तिथे फ्रान्सने शंभर कोटी लिव्रच्या वर ओतले, आणि अर्थमंत्री नेकरने त्यासाठी कर न वाढवता कर्ज काढलं. बरंचसं कर्ज तहहयात वार्षिकीचं होतं : तुम्ही मुद्दल द्या, ठरलेला माणूस जिवंत असेपर्यंत सरकार दरवर्षी आठ ते दहा टक्के देणार. गोम अशी की दर ठरवताना वय विचारातच घेतलं नाही. साठीच्या म्हाताऱ्याला जो दर, तोच सात वर्षांच्या मुलीला. जिनिव्हाच्या सावकारांनी हे बरोबर हेरलं. देवी येऊन गेलेल्या, चांगल्या घरातल्या तीस धडधाकट मुली निवडल्या आणि त्यांच्या आयुष्यावर पैसे लावले. त्या मुलींच्या तब्येतीची काळजी डॉक्टर घेत आणि फ्रान्सची तिजोरी पैसे मोजत राही.

दाणाओळीकर

धागा काढलात ते उत्तम. पावाचं मी घेतो, कारण "जनता उपाशी होती" एवढ्यावर सोडून दिलं जातं आणि त्यातलं गणित कोणी करत नाही.

माप होतं चार पौंडी पाव. फ्रेंच पौंड ४८९ ग्रॅमचा, म्हणजे पाव जवळजवळ दोन किलोचा. नवरा-बायको आणि दोन लहान मुलांना तो एक दिवस कसाबसा पुरे, कारण जेवणात दुसरं फारसं काही नसेच. २० सू म्हणजे १ लिव्र. पॅरिसातल्या साध्या मजुराचा रोज २० ते ३० सू. आपण २५ धरू. रविवार आणि सण वजा जाता कामाचे दिवस वर्षाला साधारण अडीचशे. २५ गुणिले २५० भागिले ३६५, म्हणजे रोज पदरात पडतात १७ सू. पाव मात्र ३६५ दिवस लागतो.

बऱ्या वर्षी पाव ८-९ सू. म्हणजे कमाईचा निम्मा भाग. नोव्हेंबर १७८८च्या सुरुवातीला तो १२ सू झाला, डिसेंबरात १४, फेब्रुवारी १७८९ पासून साडेचौदा. आता हिशेब करा : १७ पैकी साडेचौदा. उरलेल्या अडीच सूमध्ये भाडं, सरपण, कपडे, मेणबत्ती, औषध. असं थेट जुलैपर्यंत.

भाव का चढला? १३ जुलै १७८८ रोजी उत्तर फ्रान्सवर मोठी गारपीट झाली, कापणीच्या तोंडावरचं पीक गेलं. त्यानंतरचा हिवाळा अतिशय कडक. नद्या गोठल्या. लोक इथे एक गोष्ट विसरतात : गिरण्या पाण्यावर चालत आणि माल नदीतून होड्यांनी येई. त्यामुळे गहू होता तिथेही पीठ नव्हतं आणि पीठ होतं तिथून पॅरिसला पोचत नव्हतं. पुढे मे-जूनमध्ये जुना साठा सरतो आणि नवं पीक खळ्यात आलेलं नसतं, तेव्हा आडत्यांकडे जे असेल ते सोन्याच्या भावाने जातं. पॅरिसचा बास्तीय किल्ला पडला तो १४ जुलै त्या टंचाईच्या अगदी टोकावर येतो.

दुसरा फटका कापडाचा. सगळी कमाई पावावर गेली की कापडाला गिऱ्हाईक उरत नाही, मग विणकर बसतो. त्यात १७८६च्या व्यापारी तहाने इंग्लंडचं स्वस्त सुती कापड आत आलं होतं. पाव महाग आणि काम बंद, दोन्ही एकाच वेळी.

पण लष्करवासी, तुमच्या मुद्द्याला यातूनच बळ मिळतं. मे १७७५ मध्येही पॅरिसात पाव साडेतेरा सूवर गेला होता. दंगे उसळले, पिठाची गोदामं फुटली, बाजारात लोकांनी स्वतः भाव ठरवून धान्य विकायला लावलं. सरकारने सुमारे २५ हजार सैनिक उतरवले, दोघांना फाशी दिलं आणि काही आठवड्यांत सगळं शांत. भूक जवळजवळ तेवढीच, क्रांती मात्र नाही.

गोरखीचा_विद्यार्थी

वाचतोय. एक शंका : राजा सर्वसत्ताधीश होता ना? मग सरदार-धर्मगुरूंवर सरळ कर का नाही लावला?

सराफाबाजार

चांगला प्रश्न आहे, कारण सगळी कोंडी इथेच आहे.

आधी "सरदार कर देत नव्हते" हे अर्धंच खरं आहे. मुख्य जमीनकर त्यांना माफ होता. विसावा हिस्सा आणि डोईपट्टी त्यांच्यावर होती, पण ती स्वतः सांगितलेल्या उत्पन्नावर, म्हणून नाममात्र. चर्च कर देत नसे, दर काही वर्षांनी "स्वेच्छा देणगी" देई. १७८८ मध्ये सरकारने ८० लाख मागितले, धर्मगुरूंनी १८ लाख देऊ केले. मीठकर तर प्रांतागणिक वेगळा : ब्रिटनीत जवळजवळ नाही, शेजारच्या प्रांतात मिठाचा भाव कितीतरी पट, आणि आठ वर्षांवरच्या प्रत्येकाच्या नावे ठरावीक मीठ विकत घेणं सक्तीचं. मिठासारख्या मालावरच्या करांची वसुली सरकार स्वतः करत नसे. मक्तेदारांची एक कंपनी रक्कम आगाऊ भरी आणि मग वरकड स्वतःसाठी वसूल करी. मक्त्याची वसुली रयतेला कशी लागते हे ग्वाल्हेर संस्थानाचा महसुली इतिहास वाचलेल्यांना वेगळं सांगायला नको.

आता कर का लावता आला नाही. अर्थमंत्री कालोनने २२ फेब्रुवारी १७८७ रोजी १४४ मान्यवरांची सभा बोलावली आणि सर्व जमिनींवर, कोणालाही सूट न देता, एकच कर सुचवला. मान्यवर म्हणाले, आधी हिशेब दाखवा. कारण १७८१ मध्ये नेकरने छापलेल्या ताळेबंदात एक कोटी लिव्र शिल्लक दिसत होती आणि आता कालोन दहा कोटींच्या वर तूट सांगत होता. सहा वर्षांत पैसे गेले कुठे? नेकरने युद्धाचा खर्च "असाधारण" म्हणून ताळेबंदाबाहेर ठेवला होता, ही त्यातली मेख. कालोन एप्रिलमध्ये गेला.

त्याच्या जागी आलेल्या ब्रिएनने तोच कर थोडा बदलून पुढे रेटला. तिथे आडवं आलं पॅरिसचं उच्च न्यायालय. राजाचा हुकूम त्यांच्या दप्तरात नोंदल्याशिवाय लागू होत नसे. न्यायाधीशांनी भूमिका घेतली की नव्या कराला संमती देण्याचा अधिकार फक्त तीन वर्गांच्या (धर्मगुरू, सरदार आणि तिसरा वर्ग म्हणजे बाकी सगळे) महासभेला आहे, जी १६१४ नंतर भरलीच नव्हती. राजाने न्यायालयाचे अधिकार कापले तर ग्रेनोबलमध्ये लोकांनी छपरांवरून सैनिकांवर कौलं फेकली. सावकारांनी हे बघून हात आखडता घेतला. ८ ऑगस्ट १७८८ ला महासभा बोलावल्याची घोषणा झाली आणि १६ ऑगस्टला तिजोरीने देणी पूर्ण रोखीत देणं थांबवलं. या दोन तारखा फळ्यावर लिहून ठेवाव्यात. बास्तीय पडायला अजून अकरा महिने आहेत, पण जुनी व्यवस्था इथे संपली. राजाने मान्य केलं की पैशासाठी मला तुमची परवानगी लागते.

जनकगंज

सगळंच हिशेबाच्या वहीत बसवू नका ही विनंती. लोकांच्या डोक्यात काय होतं? समतेची भाषा कुठून आली? दिवाळखोरी याआधीही झाल्या होत्या. १७७० मध्ये सरकारने कर्जाचा मोठा भाग बुडवला होता आणि आकाश कोसळलं नाही. १७८८ मध्ये तेच करता आलं असतं. का केलं नाही? कारण मधल्या वीस वर्षांत वर्तमानपत्रं, पत्रकं, वाचनगृहं वाढली आणि सरकारी कर्ज विकत घेतलेला मध्यमवर्ग स्वतःला "राष्ट्र" समजू लागला. हा बदल डोक्यातला आहे.

तो किती वेगाने झाला याचा पुरावा बघा. उच्च न्यायालयाचे न्यायाधीश सप्टेंबर १७८८ पर्यंत लोकांचे नायक होते, त्यांच्या मिरवणुका निघत. २५ सप्टेंबरला त्यांनी निकाल दिला की महासभा १६१४ च्याच पद्धतीने भरेल : तिन्ही वर्ग वेगळे बसणार, प्रत्येक वर्गाला एकच मत. म्हणजे धर्मगुरू आणि सरदार एक झाले की तिसरा वर्ग कायम २ विरुद्ध १ ने हरणार. लोकांनी न्यायाधीशांकडे पाठ फिरवली ती कायमची. भांडण राजा विरुद्ध प्रजा होतं, ते विशेषाधिकार विरुद्ध बाकी सगळे असं झालं. डिसेंबरात राजाने तिसऱ्या वर्गाच्या जागा दुप्पट केल्या, पण मतं डोकी मोजून घ्यायची की वर्ग मोजून, हे ठरवलंच नाही. अर्धी सवलत दिली आणि भांडण तसंच ठेवलं. माझ्या मते राजाची सर्वांत महागडी चूक ही.

गावोगावच्या तक्रारवह्या बघा. कर संमतीने घ्या, महासभा नेमाने भरवा, मीठकर काढा, जमीनदाराच्या कबुतरांनी पीक खाल्लं तर आम्हाला ती मारू द्या. राजा नको असं जवळजवळ कोणीच लिहिलेलं नाही.

शिंदे_की_छावणी

जनकगंज यांच्याशी सहमत, पण दोघांकडूनही एक गोष्ट सुटते आहे. दंगा आणि क्रांती यांत फरक करणारा माणूस शिपाई असतो. दाणाओळीकरांच्या १७७५ च्या उदाहरणात सैन्याने हुकूम पाळला. १७८९ मध्ये पाळला नाही. का, ते तपशिलात बघू.

पॅरिसच्या बंदोबस्ताला "फ्रेंच गार्ड" नावाची पलटण होती. हे शिपाई शहरातच राहत, इथेच लग्नं करत, पगार अपुरा म्हणून फावल्या वेळात मजुरी आणि कारागिरी करत. म्हणजे महाग पाव त्यांच्याही घरी. वर १७८१ च्या हुकुमाने अधिकारी व्हायला चार पिढ्यांची सरदारकी लागे, त्यामुळे हुशार हवालदाराला पुढे वाट नव्हती. जून १७८९ मध्येच काही कंपन्यांनी लोकांवर चालून जायला नकार दिला.

राजाने पॅरिसभोवती वीसएक हजार फौज जमवली, त्यात बरीचशी जर्मन-स्विस भाडोत्री. ११ जुलैला नेकरला काढलं. १२-१३ ला जमावाने शहराच्या वेशीवरची जकात नाकी जाळली, ५४ पैकी ४०. अन्नावरची जकात तिथे घेतली जाई, म्हणून. १४ ला सकाळी अँव्हालिद या लष्करी इमारतीच्या कोठारातून तीसएक हजार बंदुका उचलल्या. पण बंदुकीची दारू नव्हती. ती, २५० पिंपं, नुकतीच बास्तीयमध्ये हलवली होती. लोक तिथे गेले ते दारूसाठी. आत कैदी फक्त सात होते.

किल्ल्यात ८२ निवृत्त सैनिक आणि ३२ स्विस. भिंती भक्कम, तोफा चांगल्या, पण धान्य दोन दिवसांचं आणि पाण्याची सोय नाही. दुपारपर्यंत जमाव नुसता मरत होता; त्या दिवशी हल्लेखोरांपैकी ९८ गेले. पारडं फिरलं ते फ्रेंच गार्डचे साठएक शिपाई पाच तोफा घेऊन आले आणि दरवाजासमोर लावल्या तेव्हा. तोफ लावायची कशी हे जमावाला माहीत नव्हतं, यांना होतं. संध्याकाळी किल्ला खाली. वेर्सायच्या राजवाड्यातल्या सेनापतींनी राजाला सांगितलं की उरलेल्या सैन्याचा भरवसा देता येत नाही. खरा निकाल तो. किल्ला परत घेता आला असता; भरवसा परत मिळवता आला नसता.

लष्करवासी

जनकगंज, १७७० चा मुद्दा मोलाचा आहे. दिवाळखोरी राजाला करता आली नाही कारण सरकारला कर्ज दिलेले लोक आता एकत्र बोलू शकत होते. तो मान्य.

सराफाबाजार, नोटांचं तुम्हीच लिहा.

सराफाबाजार

लिहितो. जरा लांबेल.

१७ जून १७८९ रोजी तिसऱ्या वर्गाने स्वतःला राष्ट्रीय सभा म्हणवलं हे सगळे सांगतात. त्याच दिवशीचे दुसरे दोन ठराव कोणी सांगत नाही. एक, जुने कर बेकायदा आहेत, पण सभा चालू आहे तोवर भरत राहा. दोन, सरकारी कर्जाला राष्ट्राची हमी आहे. म्हणजे सभा उधळली तर कर बंद आणि कर्जही बुडालं. पॅरिसचा सगळा सावकार-पेढीवाला वर्ग एका दिवसात सभेच्या बाजूला बांधला गेला. चाल अतिशय हुशारीची होती. तिची किंमत पुढे दिसते.

लोकांनी "बेकायदा" एवढंच ऐकलं आणि कर भरणं थांबवलं. २० जुलैपासून खेड्यांत भीतीची लाट पसरली, शेतकऱ्यांनी जमीनदारांची दप्तरं जाळली. ४ ऑगस्टच्या रात्री सभेने सरंजामी हक्क रद्द केले. (इथे एक खाच आहे : वेठ आणि व्यक्तीवरचे हक्क फुकट गेले, पण जमिनीवरची देणी शेतकऱ्याने विकत सोडवायची होती, रोख देणं असेल तर वर्षाच्या रकमेच्या २० पट, धान्यात असेल तर २५ पट. कोणी देईना. शेवटी १७ जुलै १७९३ ला ती विनामोबदला रद्द झाली.) चर्चचा दशमांशही गेला. म्हणजे तिजोरीत जमा नाही, आणि कर्ज मात्र फेडायचं.

२ नोव्हेंबर १७८९ ला चर्चची मालमत्ता राष्ट्राच्या हवाली झाली. ती लगेच विकता येत नाही, एकदम विकली तर भाव पडतो. म्हणून डिसेंबरात ४० कोटी लिव्रचे असिन्या काढले. सुरुवातीला ती नोट नव्हतीच. मोठ्या रकमेचा, पाच टक्के व्याजाचा रोखा होता. पद्धत अशी : सरकार आपल्या सावकाराला रोखा देणार, तो लिलावात जमीन घेऊन रोखा परत करणार, आणि परत आलेला रोखा जाळायचा. कागद जमिनीएवढाच, आणि जमीन विकली की कागद संपला. तारण खरं होतं.

बिघडलं कुठे? एप्रिल १७९० मध्ये तो सक्तीचं चलन झाला. सप्टेंबरात आणखी ८० कोटी, बिनव्याजी. लिलावात ताबा मिळायला शेतजमिनीची १२ टक्के रक्कम पुरे, बाकी बारा वर्षांच्या हप्त्यांनी. आता विचार करा. जमीन आज गेली, कागद मात्र बारा वर्षं हळूहळू परत येणार. त्यात भाव वाढत असताना हप्ता जितका उशिरा भरावा तितका स्वस्त पडतो. जाळण्याचा वेग छापण्याच्या वेगाला गाठूच शकत नव्हता. करवसुली बसलेली, म्हणून रोजचा खर्चही छापूनच. एप्रिल १७९२ मध्ये युद्ध सुरू झाल्यावर लगाम उरला नाही.

सुट्ट्याचाही घोळ. पहिल्या नोटा २०० लिव्र आणि त्याहून मोठ्या होत्या. कारखानदार पगार कसा देणार? नाणी लोकांनी दडवली. गावोगावच्या मंडळ्यांनी आपापल्या चिठ्ठ्या काढल्या, त्यांना तारण असेलच असं नाही. ५ लिव्रची नोट १७९१ मध्ये आली, सूच्या नोटा १७९२ मध्ये. तोवर मजुराने बट्टा सोसून नोट मोडायची. नोटांचं नुकसान पहिल्यांदा कोणाला झालं तर ज्याच्याकडे एकच नोट होती त्याला.

बट्ट्याचा आलेख असा : जानेवारी १७९३ ला शंभराच्या नोटेला नाण्यांत ५१, ऑगस्टमध्ये २२, डिसेंबरात पुन्हा ४८, एप्रिल १७९५ मध्ये ८, वर्षाअखेर एकाच्याही खाली. फेब्रुवारी १७९६ मध्ये छापण्याची सामग्री व्हांदोम चौकात जाहीरपणे जाळली. तोवर चलनात सुमारे ४० अब्ज होते. इंग्लंडमध्ये खोट्या नोटा छापून पाठवल्या जात होत्या हेही खरं, पण मुख्य दोष घरातलाच.

गोरखीचा_विद्यार्थी

१७९३ मध्ये २२ वरून ४८ वर परत कसा चढला? हेच कळत नाही.

दाणाओळीकर

धाकाने. आणि तो धाक कसा चालला ते बघण्यासारखं आहे.

मे १७९३ मध्ये धान्याचा कमाल भाव ठरला, जिल्ह्याजिल्ह्याचा वेगळा. लगेच धान्य कमी भावाच्या जिल्ह्यातून जास्त भावाच्या जिल्ह्यात पळालं. २९ सप्टेंबर १७९३ ला सर्वसाधारण कमाल भाव आला : जीवनावश्यक मालाला १७९० चा स्थानिक भाव अधिक एक तृतीयांश, मजुरीला १७९० ची मजुरी अधिक निम्मी. नोट नाकारणं, दोन भाव सांगणं, साठा लपवणं, सगळं गुन्हा. त्याच महिन्यात नुसत्या संशयावरून अटक करता येणारा संशयितांचा कायदा झाला आणि खेड्यांतून धान्य काढायला पॅरिसातून सहा-सात हजारांची सशस्त्र पथकं निघाली. सोन्याचा व्यवहार बंद, विजयही मिळू लागले. म्हणून नोट सावरली. लाखोंची फौज त्या हिवाळ्यात जेवली ती या व्यवस्थेवर, हे श्रेय दिलंच पाहिजे.

चूक भावसूत्रात होती. भाव "स्थानिक" ठरला, त्यात वाहतूकखर्च धरलाच नाही. शंभर मैलांवरून माल शहरात आणणारा व्यापारी आणील कशाला? दुकानं दोन दिवसांत रिकामी झाली. वसंत १७९४ मध्ये दुरुस्ती केली : उत्पादनाच्या ठिकाणचा भाव, अधिक अंतराप्रमाणे भाडं, अधिक घाऊक विक्रेत्याला ५ टक्के, किरकोळला १०. कागदावर उत्तम. पण शेतकऱ्याला नोट घेऊन विकण्यापेक्षा गुरांना दाणा घालणं परवडत होतं, आणि दर गोठ्यावर पहारा ठेवणार कोण.

आणि मजुरी. २३ जुलै १७९४ ला पॅरिसच्या नगरसभेने मजुरीचे कमाल दर जाहीर केले. कित्येक धंद्यांत चालू मजुरी प्रत्यक्षात कापली गेली. चार दिवसांनी, २७ जुलैला, दहशतीच्या काळाचा नेता रोब्सपियेर याला वाचवायला नगरसभेने लोकांना हाक दिली. काही हजार माणसं चौकात जमली, हुकमाविना ताटकळली आणि रात्री पांगली. ज्यांची मजुरी त्याच आठवड्यात कापली त्यांनी जीव का द्यावा?

डिसेंबर १७९४ मध्ये भावबंदी उठवली. नोट कोसळली, तो हिवाळाही भयंकर. मे १७९५ मध्ये पॅरिसचं पावाचं रेशन माणशी काही औंसांवर आलं. २० मे रोजी लोक "पाव आणि १७९३ची राज्यघटना" म्हणत सभेत घुसले. यावेळी सैन्याने हुकूम पाळला.

सराफाबाजार

आणि शेवटचा हिशेब : ३० सप्टेंबर १७९७ रोजी सरकारने दोन तृतीयांश कर्ज कागदी दाखले देऊन मिटवलं. त्या दाखल्यांना बाजारात जवळजवळ किंमत नव्हती. १७८९ मध्ये जे करायचं नाही म्हणून सगळं आरंभलं, तेच आठ वर्षांनी केलं.

दौलतगंजच्या_ताई

परिणामांबद्दल मला वेगळं मांडायचं आहे, कारण इथे नोटांखाली माणसं झाकली जात आहेत.

शेतकऱ्याला काय मिळालं ते ठोस सांगता येतं. दशमांश गेला, जमीनदाराची देणी आणि त्याचं न्यायालय गेलं, शिकारीचा हक्क आला. वारसाहक्कात मुलगे-मुली समान झाले (१७९३-९४ चे कायदे; पुढे नेपोलियनच्या संहितेने थोडी सैल सोडली, तरी पाया तोच). पण चर्चच्या जमिनी जिल्ह्याच्या ठिकाणी लिलावाने, बहुधा मोठ्या तुकड्यांत विकल्या गेल्या. ज्याच्याकडे रोकड तोच बोली लावणार. शहरी वकील, व्यापारी आणि सधन शेतकरी यांना त्या मिळाल्या. भूमिहीनाला फारच थोडं.

मजुराला १४ जून १७९१ चा कायदा मिळाला : कारागिरांनी एकत्र येऊन मजुरी मागणं गुन्हा. कामगार संघटनांना कायदेशीर मान्यता यायला १८८४ उजाडलं.

बायकांनी ५ ऑक्टोबर १७८९ ला वेर्सायवर चालून जाऊन राजाला पॅरिसात आणलं. चार वर्षांनी, ३० ऑक्टोबर १७९३ ला, बायकांचे क्लब बंद केले. स्त्रियांच्या हक्कांसाठी लिहिणाऱ्या ओलांप द गूजला ३ नोव्हेंबरला गिलोटिनवर चढवलं. घटस्फोटाचा हक्क १७९२ मध्ये मिळाला, १८१६ मध्ये गेला. मत १९४४ मध्ये.

आणि सँ-दोमिंग, फ्रान्सची वसाहत, आजचं हैती. ऑगस्ट १७९१ मध्ये तिथल्या गुलामांनी उठाव केला. पॅरिसच्या सभेने ४ फेब्रुवारी १७९४ ला गुलामगिरी रद्द केली ती या उठावाने भाग पाडलं म्हणून. १८०२ मध्ये नेपोलियनने वसाहतींत ती परत आणली. हैतीने मानलं नाही, १ जानेवारी १८०४ ला स्वतंत्र झालं. १८२५ मध्ये फ्रान्सने मान्यतेसाठी १५ कोटी फ्रँक भरपाई मागितली, आणि ते कर्ज पिढ्यानपिढ्या फेडावं लागलं. मानवी हक्कांच्या १७ कलमांबरोबर हेही वर्गात सांगितलंच पाहिजे.

जनकगंज

ताईंना अनुमोदन. एक भर : जुलै १७९० मध्ये धर्मगुरूंना पगारी नोकर केलं, पुढे राज्यघटनेशी निष्ठेची शपथ मागितली. गावच्या धर्मगुरूंपैकी जवळजवळ निम्म्यांनी नाकारली. पश्चिमेकडे नकार सर्वाधिक. मार्च १७९३ मध्ये तीन लाखांची सैन्यभरती आली तेव्हा पश्चिमेचा व्हांदे प्रदेश तिथेच बंडाने पेटला. चर्चची जमीन घेतली म्हणून चर्चला पगार द्यावा लागला, पगार दिला म्हणून शपथ मागितली. हाही धागा कर्जापर्यंत जातो.

शिंदे_की_छावणी

आपल्या गावाचं घेऊ का थोडं? ग्वाल्हेरवर या क्रांतीचा थेट परिणाम झाला आणि तो क्वचितच शिकवला जातो.

महादजी शिंद्यांनी १७८४ पासून दि बॉयन्य या युरोपीय सेनानीकडून कवायती पलटणी उभ्या केल्या, आग्र्याला तोफांचा कारखाना घातला. १७९० मध्ये पाटण आणि मेडता या लढाया त्या पलटणींनी जिंकल्या. त्यांचं मुख्य बळ असं की पगार वेळेवर मिळे, कारण दुआबातला मुलूख खास त्याच खर्चासाठी लावून दिला होता. दि बॉयन्य फ्रान्सशेजारच्या सॅव्हॉयचा, त्याला क्रांतीशी काही देणंघेणं नव्हतं. १७९५ अखेर तो गेला आणि फ्रेंच पेरॉन आला.

१७९८ मध्ये नेपोलियन इजिप्तमध्ये उतरला आणि इंग्रज गव्हर्नर जनरल वेलस्लीला हिंदुस्थानातला प्रत्येक फ्रेंच अधिकारी धोका वाटू लागला, किंवा तसं दाखवणं सोयीचं झालं. ऑक्टोबर १७९८ मध्ये हैदराबादची फ्रेंच अधिकाऱ्यांची फौज निःशस्त्र केली. मे १७९९ मध्ये टिपू पडला. १८०३ मध्ये पाळी शिंद्यांची. वेलस्लीने शिंद्यांच्या नोकरीतल्या इंग्रज अधिकाऱ्यांना जाहीरनाम्याने फोडलं, पेरॉन अलीगढजवळ इंग्रजांकडे निघून गेला. १ नोव्हेंबरला लासवारीला उरलेल्या पलटणी जवळजवळ अधिकाऱ्यांविना लढल्या, आणि इतक्या चिवटपणे लढल्या की खुद्द इंग्रज सेनापती जनरल लेकने पत्रात त्यांची तारीफ केली. ३० डिसेंबरच्या सुर्जी-अंजनगावच्या तहात दुआब, दिल्ली, आग्रा, भडोच, अहमदनगर गेलं, आणि फ्रेंच माणूस नोकरीत ठेवायचा नाही असं कलम पडलं.

गोरखीचा_विद्यार्थी

मग महादजींनंतरच्या दौलतराव शिंद्यांच्या फौजेचेही पगार थकले होते, तिजोरी रिकामी होती, मक्तेदार रयतेला पिळत होते. इथे क्रांती का झाली नाही?

लष्करवासी

माझं उत्तर सराफाबाजार यांच्या १६ ऑगस्टच्या तारखेत आहे. इथे थकलेल्या पगारासाठी शिपाई सरदाराच्या तंबूसमोर धरणं धरी. काही रक्कम हातात पडली की त्या पलटणीचं भांडण मिटे, पुढच्या पलटणीचं सुरू होई. सावकाराचं कर्ज म्हणजे एका सावकाराशी एका दरबाराचा व्यवहार, तारण एखादा महाल. १७९८ मध्ये दौलतरावांचे कारभारी सर्जेराव घाटग्यांनी पगारासाठी पुण्यात सावकार-सरदारांना छळून पैसा काढला, तेव्हा पिळलेले लोक एकेकटे पिळले गेले. सगळ्या सावकारांनी, करदात्यांनी आणि शिपायांनी एकाच ठिकाणी येऊन "हिशेब दाखवा" म्हणावं अशी जागा नव्हती, कागद छापून गावोगाव पाठवायची सोय नव्हती. फ्रान्समध्ये राजाने ती सभा स्वतः बोलावली आणि तक्रारी लिहून आणा असं स्वतः सांगितलं.

जनकगंज

यावर मात्र वाद आहे. सभा होती म्हणून क्रांती झाली म्हणता, पण इंग्लंडातही सभा होती, कर्जही देशाच्या मानाने फ्रान्सहून मोठं होतं. तिथे काही मोडलं नाही.

सराफाबाजार

कारण इंग्लंडची सभा दरवर्षी भरत होती आणि व्याजासाठी कोणता कर बांधला आहे ते जाहीर होतं. म्हणून त्यांना कमी दराने कर्ज मिळे आणि तेवढंच कर्ज कमी व्याजात निभे. फ्रान्समध्ये सभा १७५ वर्षांनी भरली, तीही तिजोरी बंद पडल्यावर. पावणेदोनशे वर्षांच्या तक्रारी एका उन्हाळ्यात टेबलावर आल्या. वर्गासाठी दोन्ही देशांचं व्याज शेजारी मांडणारा तक्ता मी करतो. दाणाओळीकर, पावाचा तुमच्याकडे.

दाणाओळीकर

करतो. १७७५ आणि १७८९ एकाच कागदावर, महिन्यागणिक.